जेवण मध्यंतरात: घरच्या घरी सिनेमाच्या थीमचा वाढदिवस

सिनेमाची थीम ठरली की घरात सगळ्यात आधी सजावटीची चर्चा सुरू होते. फुगे कोणते, पाटी कुठे, कोण काय घालणार. आमचा क्रम उलटा असतो. आम्ही आधी घड्याळ मांडतो, कारण अशा संध्याकाळी सिनेमा आणि गरम जेवण या दोन गोष्टी एकाच वेळी लक्ष मागतात. ताट मांडीवर घेऊन अंधारात बघायचं ठरवलं, तर ना धड जेवण होतं ना धड सिनेमा. ताटात काय आहे ते दिसत नाही, पातळ पदार्थ गादीवर सांडतात, चमच्यांच्या आवाजात संवाद बुडतात. लहान मुलं लोळत घास घेतात, तेव्हा ठसका लागायची भीती वेगळीच. म्हणून जेवण मध्यंतरात, दिवे लावून, टेबलाशी. बाकी सगळं या एका निर्णयाभोवती बसवायचं.

आठ माणसं आणि ११० मिनिटांचा सिनेमा धरू. लोक येणं, तिकिटं, फोटो यांना ३० मिनिटं. पहिला भाग ५५ मिनिटं. मध्यंतर ४५ मिनिटं, त्यात ३० जेवणाची आणि १५ केकची. दुसरा भाग पुन्हा ५५ आणि शेवटी १० मिनिटं. बेरीज होते ३ तास १५ मिनिटं. नऊला संपवायचं असेल तर पावणेसहाला दार उघडावं लागतं. सिनेमा अडीच तासांचा असला तर हीच संध्याकाळ चार तासांच्या घरात जाते आणि सहा-सात वर्षांची मुलं दुसऱ्या भागात झोपतात. घरात लहान मुलं असतील तर १०० ते ११० मिनिटांच्या पुढचा सिनेमा आम्ही घेतच नाही. केकही शेवटावर ढकलत नाही. शेवटी कुणी झोपलेलं असतं, कुणाला निघायची घाई असते, आणि ज्याचा वाढदिवस तोच दमलेला असतो.

सिनेमा निवडायचा हक्क वाढदिवस असलेल्या माणसाचा. तो ठरला की घरातल्या एकाने वही घेऊन तो आधी पूर्ण बघायचा. तीनच गोष्टी टिपायच्या: सगळ्यात जास्त दिसणारा रंग, पात्रं पडद्यावर काय खातात-पितात, आणि लगेच ओळखू येईल अशी एक वस्तू. रंग टेबलावर येतो, पदार्थ ताटात येतो, वस्तू दारात किंवा केकवर येते. थीम तेवढ्यावर पेलते. प्रत्येक पदार्थाला सिनेमातलं नाव आणि प्रत्येक भिंतीवर चित्र असा घाट घातला, की काम तिप्पट होतं आणि नजर कशावरच ठरत नाही.

त्याच बैठकीत मध्यंतराची जागा शोधायची. सिनेमाच्या ४५ ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या हिशेबात ५० ते ६० मिनिटांच्या दरम्यान, एखादा प्रसंग संपून प्रश्न मोकळा राहतो अशी जागा बहुतेक वेळा सापडते. ती मिनिट-सेकंदासकट लिहून ठेवायची. ‘साधारण अर्ध्यावर थांबवू’ असं म्हणून बसलं, तर हमखास वाक्याच्या मध्ये थांबतं आणि दुसरा भाग सुरू करताना पाच मिनिटं मागे जावं लागतं.

आता पडदा. टीव्ही मोठा असेल तर प्रोजेक्टरचा सोस करू नये. आणायचाच असेल तर खोली मोजूनच ठरवावं. प्रोजेक्टरवर ‘थ्रो रेशो’ लिहिलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्याने गुणलं की प्रोजेक्टर भिंतीपासून किती लांब ठेवायचा ते कळतं. १०० इंची चित्र २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतं. थ्रो रेशो १.२ असेल तर त्याला साधारण २ मीटर ६५ सेंटिमीटर अंतर हवं. ८० इंची चित्र १७७ बाय १०० चं असतं, त्याला २ मीटर १२ सेंटिमीटर पुरतात. लहान चित्राचा दुसरा फायदा मोठा आहे. तोच उजेड कमी जागेवर पडतो, त्यामुळे ८० इंची चित्र १०० इंचीपेक्षा दीडपटीहून जास्त उजळ दिसतं. मध्यम ताकदीच्या प्रोजेक्टरवर आम्ही नेहमी ८० इंचच घेतो. मोठं आणि फिकट चित्र दहा मिनिटांत डोळ्यांना नकोसं होतं.

पांढरी, चकाकी नसलेली भिंत सगळ्यात उत्तम. चादर लावायची तर ती इस्त्री करून, चारही बाजूंनी ताणून आणि दुहेरी लावावी. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो आणि चित्र धुरकट दिसतं. मागे काळं कापड टाकलं तर फरक लगेच जाणवतो. खालच्या दुमडीत एक दांडी सरकवली की पंख्याच्या वाऱ्याने चादर हलत नाही. चित्राचा तळ जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटर वर ठेवावा, नाहीतर पुढच्यांची डोकी सबटायटल्सवर येतात. प्रोजेक्टर तिरका ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करता येतं, पण त्यात चित्राचे काही पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं पुसट होतात. स्टुलाखाली दोन पुस्तकं घालून प्रोजेक्टरच सरळ करणं केव्हाही चांगलं.

टीव्ही असो वा प्रोजेक्टर, चित्राचा मोड ‘सिनेमा’वर न्यायचा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मध्ये आपल्या चौकटी घालतो, म्हणून सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. बऱ्याच टीव्हींवर ही सोय चालू असते आणि ती बंद केली की चित्राचा पोत परत येतो.

अशा कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळा फसतो तो आवाज. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज चित्राच्या मागे पडतो, कारण तो आधी दाबून पाठवला जातो, मग उलगडला जातो, आणि त्यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. गाण्याला त्याने फरक पडत नाही, पण ओठ आधी हलले आणि शब्द नंतर आला की प्रेक्षक अस्वस्थ होतात. म्हणून स्पीकर केबलनेच जोडावा आणि पडद्याच्या खाली किंवा शेजारी ठेवावा. तो मागच्या कपाटावर ठेवला तर पडद्यावरचा माणूस पाठीमागून बोलल्यासारखा वाटतो. तपासायला सिनेमातला टाळीचा किंवा दार आपटण्याचा प्रसंग लावून बघायचा. आवाजाच्या मेनूत ‘नाइट मोड’ किंवा तसंच काही असेल तर चालू करावं. त्याने स्फोट थोडे दबतात आणि कुजबुज थोडी वर येते. आजी-आजोबांना रिमोटकडे हात न्यावा लागत नाही. रिकाम्या खोलीत आवाज लावून बघितला असेल, तर माणसं बसल्यावर तो एक-दोन टप्पे वाढवायचा. कपडे, गाद्या आणि माणसं आवाज शोषतात.

चाचणी त्याच यंत्रावर, त्याच केबलने आणि त्याच सिनेमाची करायची, तीही आदल्या दिवशी. दुसरा एखादा व्हिडिओ लावून ‘चालतंय’ म्हणण्यात अर्थ नाही. काही सेवांचे सिनेमे जुन्या प्रोजेक्टरवर नुसतंच काळं चित्र देतात, कारण कॉपी रोखण्यासाठीची जुळणी होत नाही. अशा वेळी आवाज येतो, चित्र येत नाही, आणि घरातले सगळे केबल हलवत बसतात. सिनेमा डाउनलोड करून ठेवला असेल तर त्याची मुदत संपली नाही ना ते बघायचं. लॅपटॉपची स्क्रीन झोपू नये अशी सोय करायची आणि नोटिफिकेशन बंद करायची.

बसायची व्यवस्था तीन पायऱ्यांची: पुढे जमिनीवर गाद्या आणि लोड, मध्ये सोफा, मागे उंच खुर्च्या. ८० इंची चित्रासाठी पहिली ओळ अडीच मीटरच्या अलीकडे नको. मागची उंच जागा लहान मुलांना हवी असते, पण ती मोठ्यांना द्यावी. वयस्क माणसांना हात टेकता येईल अशी खुर्ची, दाराजवळ. बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर एक मंद दिवा जमिनीलगत ठेवावा. खोली पूर्ण काळोखी करू नये, केबलीत पाय अडकतात. जमिनीवरची प्रत्येक केबल पूर्ण लांबीभर चिकटपट्टीखाली जायला हवी.

तिकिटं छापणं सोपं आहे, पण त्यांना काम दिलं पाहिजे. पुढच्या बाजूला ओळ आणि आसन क्रमांक. मागे तीन चौकोन: तिखट चालेल का, कोणता पदार्थ वर्ज्य आहे, सूप की सरबत. तिकिटं चार दिवस आधी पाठवायची आणि मागची बाजू भरून फोटो मागवायचा. सुक्यामेव्याची ॲलर्जी कुणाला आहे हे तेव्हाच कळतं, केक कापताना नाही.

सजावटीत आम्ही मनापासून वेळ घालतो तो एकाच गोष्टीवर: टेबलाच्या मधोमध जाणारी फिल्मची पट्टी, वर्षाला एक फोटो. काळ्या कागदावर पांढरे चौकोन चिकटवून काहीतरी पट्टीसारखं करता येतं, पण खऱ्या मापाने केली तर ती दुरूनही फिल्म वाटते. इथे एक घोळ नेहमी होतो. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म उभी धावते आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं असतात. तशी पट्टी टेबलावर आडवी घातली, तर लांब बाजूला बसलेल्या सगळ्यांना फोटो आडवे पडलेले दिसतात. ती भिंतीवर उभी टांगायला ठीक. टेबलासाठी फोटोच्या कॅमेऱ्यातल्या रोलचं माप घ्यायचं. फिल्म तीच, पण चौकट आडवी, ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि कडेला आठ-आठ छिद्रं. हे माप पाचपट केलं की पट्टी साडेसतरा सेंटिमीटर रुंद होते, फोटो १८ बाय १२ सेंटिमीटरचा, आणि एका चौकटीपासून दुसरीपर्यंत १९ सेंटिमीटर. १३ बाय १८ चा फोटो छापून घेतला की उंचीतला एक सेंटिमीटर कापायचा, बस. बाराव्या वाढदिवसाला १२ फोटो म्हणजे २२८ सेंटिमीटर, सहा-आठ माणसांच्या लांब टेबलावर थोडी दोन्ही टोकांना ओघळते आणि तशीच छान दिसते.

छिद्रं कापत बसू नये. एका चौकटीला सोळा, म्हणजे बारा चौकटींना १९२ होतात. त्याऐवजी पांढऱ्या स्टिकर-कागदाचे १४ बाय १० मिलिमीटरचे तुकडे कापून चिकटवायचे. लांब बाजू पट्टीच्या रुंदीकडे, आणि दोन तुकड्यांच्या मध्यांत जेमतेम २४ मिलिमीटर अंतर. आधी पेन्सिलने कडेला खुणा करून घेतल्या की हात भराभर चालतो. चकचकीत कागद टाळायचा, दिव्याखाली त्यावर नुसती झगमग दिसते. पट्टीवर पारदर्शक प्लास्टिक पसरलं तर सूप सांडलं तरी फोटो वाचतात. साठाव्या वाढदिवसाला साठ फोटो टेबलावर मावत नाहीत. तिथे दर पाच वर्षांचा एक घ्यायचा. जेवताना मुलं-माणसं आपापल्या समोरच्या फोटोवर बोलायला लागतात आणि मध्यंतराला वेगळा कार्यक्रम लागत नाही.

पॉपकॉर्नशिवाय हे पूर्ण होत नाही, आणि तो नीट व्हावा असं आम्हाला फार वाटतं. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओल असते. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की आतल्या वाफेच्या दाबाने तो फुटतो. डबा उघडा राहून दाणे कोरडे झाले तर निम्मे तळाशी तसेच राहतात. असे दाणे बरणीत घालून कपभर दाण्यांना छोटा चमचा पाणी शिंपडायचं, हलवायचं आणि तीन-चार दिवस झाकून ठेवायचं, बरेचसे सुधारतात.

पाच लिटरच्या जाड बुडाच्या भांड्यात ३ मोठे चमचे तेल आणि फक्त तीन दाणे टाकून मध्यम आचेवर ठेवायचं. तिन्ही फुटले की तेल तयार आहे. आता १०० ग्रॅम दाणे घालून भांडं आचेवरून उतरवायचं आणि तीस मोजायचं. सगळे दाणे सारख्या तापमानाला येतात आणि मग जवळजवळ एकदमच फुटतात, त्यामुळे आधीचे जळत नाहीत. परत आचेवर ठेवायचं, झाकण बोटभर तिरकं. वाफ बाहेर गेली नाही तर ती पॉपकॉर्नमध्येच मुरते आणि तो चिवट होतो. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडलं की लगेच परातीत ओतायचं. १०० ग्रॅम दाण्यांचा साधारण चार लिटर पॉपकॉर्न होतो, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आठ पुड्या. मीठ मिक्सरमधून पिठासारखं काढून घ्यायचं. जाड मीठ तळाशी जातं. लोणी तसंच वितळवून ओतू नये, त्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि पॉपकॉर्न त्याने बसतो. पाणी उडेपर्यंत कढवलेलं, म्हणजे तूपच, दोन चमचे पुरतं.

पहिल्या भागात माणशी एकच अर्ध्या लिटरची पुडी. त्याहून जास्त दिलं तर मध्यंतरात ताटं तशीच राहतात. दुसरा घाणा आधीच करून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात भरून ठेवायचा. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न अजिबात देऊ नये, घशात अडकतो. त्यांच्या पुडीत मऊ बिस्किटं किंवा केळ्याचे काप.

मुख्य जेवणासाठी आमचा नियम एक: सिनेमा चालू असताना कुणीही स्वयंपाकघरात नसावं. म्हणून तळण नाही, कुकरची शिट्टी नाही, चिमणीचा घरघराट नाही. सूप माणशी २०० मिलिलिटर, वर थोडं धरून दोन लिटर, थर्मासमध्ये. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवायचं, मग सूप तासाभरानेही वाफाळतं निघतं. ओव्हनमध्ये भाजलेला एक भरीव पदार्थ, माणशी २०० ग्रॅम बटाट्याच्या फोडी भाजून, पाव, आणि एक गार कोशिंबीर. तिच्यात मीठ-लिंबू शेवटच्या क्षणी, नाहीतर पाणी सुटतं. सिनेमातून उचललेला पदार्थ यातलाच एक असावा, वेगळा वाढवू नये. भाजलेले पदार्थ सिनेमा सुरू व्हायच्या आधी तयार करून झाकून, ओव्हन ८० ते ९० अंशांवर ठेवून आत ठेवायचे. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवं. बाहेर ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं शिजवलेलं अन्न आम्ही वाढत नाही.

मध्यंतराच्या आधी दहा मिनिटं एकाच्या खिशातला फोन थरथरतो, तो उठून ओव्हन वाढवतो आणि झाकण काढतो. तेवढंच. मध्यंतर झाल्यावर केटल, मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकदम लावले की वीज जाते, आणि दोष प्रोजेक्टरला मिळतो. केटल २,००० वॅट, मायक्रोवेव्ह १,२००, ओव्हन २,०००. बेरीज ५,२०० होते. १६ अँपिअरची जोडणी २३० व्होल्टवर ३,७०० च्या आसपासच पेलते. एका वेळी एकच उपकरण, आणि प्रोजेक्टर स्वयंपाकघराच्या जोडणीवर नको.

केक क्लॅपबोर्डचा, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यासमोर आपटतात त्या पाटीचा. २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोनी केक घ्यायचा, एका बाजूने ५ सेंटिमीटरची पट्टी कापायची. उरलेला २० बाय १५ चा भाग म्हणजे पाटी. पट्टी तिच्या वरच्या कडेला डाव्या टोकाशी टेकवून उजवं टोक ४-५ सेंटिमीटर लांब ठेवायचं, की क्लॅप उघडी दिसते. काळ्या रंगाचं क्रीम करायच्या नादी लागू नये. काळं दिसेपर्यंत रंग घातला की ते कडवट लागतं आणि दात-ओठ काळे होऊन फोटोत येतात. त्यापेक्षा २०० ग्रॅम डार्क चॉकलेटवर २०० मिलिलिटर गरम क्रीम ओतून केलेलं गनाश कोमट असताना केकवर सोडायचं. मंद उजेडात ते काळंच दिसतं. गनाश घट्ट बसल्यावर, फ्रिजमध्ये तासभर ठेवून, वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटने तिरके पट्टे आणि अक्षरं काढायची. कागदाच्या कोनाचं टोक २ मिलिमीटर कापायचं. गनाश ओलं असताना लिहिलं तर अक्षरं पसरतात. ‘दृश्य’समोर नवं वय, ‘टेक’समोर १, आणि तारीख. मेणबत्त्या पाटीवर न खोचता बाजूला लावायच्या, म्हणजे अक्षरं फोटोत शाबूत राहतात.

सिनेमा संपताच दिवे लावायचे नाहीत. आधी घरची श्रेयनामावली: काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, दहा-बारा स्लाइड, प्रत्येक चार सेकंद. भाजलेले पदार्थ कुणाचे, पॉपकॉर्न कुणाचा, पट्टी कुणी केली, फोटो कुणी शोधले. आलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात हवं, आणि शेवटच्या स्लाइडवर वाढदिवस असलेल्या माणसाचं एकट्याचं. ही फाइल सिनेमाच्या त्याच यंत्रावर, उघडून, मागे तयार ठेवायची. नंतर दिवे एकेक करून, मागच्या बाजूने. प्रोजेक्टरचा दिवा बंद केल्यावर पंखा फिरायचा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. गाद्यांखाली आधीच मोठी चादर अंथरलेली असली, तर चार कोपरे धरून सगळा पॉपकॉर्न एका फेरीत बाहेर जातो.